हाताला गार लागतं ते गारच असतं का?

प्रश्न : लोखंडी तवा आणि लाकडी पोळपाट रात्रभर एकाच ओट्यावर असतात. सकाळी तवा गार लागतो, पोळपाट लागत नाही. दोघांचं तापमान वेगळं असतं का? (नाशिक)

नाही, अगदी सारखं असतं. बोटाला कळतं ते स्वतःच्या कातडीचं तापमान, वस्तूचं नव्हे. कातडी साधारण ३३ अंशांवर असते. खोली २० अंशांवर असेल, तर बोट टेकताच उष्णता बोटातून बाहेर निघते. तव्यात ती लगेच दूरवर पसरते, म्हणून बोटातून आणखी उष्णता ओढली जाते आणि कातडी थंड पडते. पोळपाटात ती बोटाखालीच अडकते. तेवढी जागा कोमट झाली की ओघ मंदावतो. लोखंड लाकडापेक्षा काहीशे पटींनी चांगलं उष्णतावाहक आहे. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन उष्णता वाहून नेतात. लाकडात ते नसतात, उलट त्याच्या छिद्रांत हवा भरलेली असते.

खात्री करायची असेल तर दोन्हींवर बर्फाचा एकेक सारखा खडा ठेवा. ‘गार’ तव्यावरचा बर्फ आधी वितळेल! मे महिन्याच्या उन्हात दाराची लोखंडी कडी चटका देते आणि त्याच दाराची फळी देत नाही, त्याचंही कारण हेच. फक्त उष्णता उलट्या दिशेने, कडीकडून बोटाकडे जाते.

प्रश्न : नागपूरला माठातलं पाणी गारेगार होतं. तसाच माठ मुंबईत आणला, तर पाणी जेमतेम थंड. माठात खोट आहे का? (मुंबई)

माठ चांगला आहे, हवा दमट आहे. माठाच्या छिद्रांतून पाझरलेलं पाणी बाहेर वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. म्हणजे १० लिटरच्या माठातून पेलाभर, २०० मिलिलिटर पाणी उडालं, तर हिशेबाने उरलेलं पाणी ११-१२ अंशांनी उतरायला हवं. प्रत्यक्षात बाहेरची उष्णताही आत येत राहते, त्यामुळे उतार कमी पडतो.

पण पाणी उडायला हवा कोरडी हवी. नागपूरच्या ४२ अंशांच्या, १५ टक्के आर्द्रतेच्या दुपारी माठातलं पाणी फार तर २२ अंशांपर्यंत उतरू शकतं. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर २८ च्या खाली जायला वावच नाही. तरी माठ वाऱ्याच्या झोतात ठेवा. आणि कृपा करून ऑइलपेंटने रंगवलेला माठ घेऊ नका. दिसायला देखणा असतो, पण रंगाने छिद्रं बुजतात आणि माठाचं कामच बंद पडतं. वापरून जुन्या झालेल्या माठाची छिद्रं पाण्यातल्या क्षारांनी अशीच बुजतात. बाहेरून काथ्याने घासून पाहा.

प्रश्न : उकळता चहा ओतल्यावर जाड काचेचा ग्लास तडकला, पातळ मात्र टिकला. असं कसं? (सातारा)

काच उष्णता सावकाश पुढे सरकवते. आतली बाजू तापून प्रसरण पावते, तोवर बाहेरची थंडच असते आणि ताणली जाते. काच दाब सोसते, ताण सोसत नाही. पातळ काचेत दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरच तापतात, त्यामुळे ताण कमी येतो. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते, म्हणून ती असले धक्के पचवते. घरचा जाड ग्लास आधी कोमट पाण्याने विसळून घ्या.

प्रश्न : खूप तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब उडून न जाता नाचतो. जास्त तापला तर लवकर उडायला नको का? (कोल्हापूर)

तवा १०० अंशांच्या थोडा वर असेल तर थेंब चर्रकन उडतो. साधारण २०० च्या आसपास मात्र थेंबाखाली क्षणात वाफेचा थर तयार होतो आणि थेंब त्यावर तरंगतो. वाफ उष्णतेची मंद वाहक, त्यामुळे तव्याची उष्णता थेंबापर्यंत हळूहळू पोहोचते. जर्मन वैद्य लायडेनफ्रॉस्ट यांनी १७५६ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव या परिणामाला मिळालं.