क्राउडफंडिंग हा शब्द काढला कोणी?

प्रश्न : आमच्या चाळीतल्या एका मुलाच्या ऑपरेशनसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक फिरतेय, सगळे त्याला क्राउडफंडिंग म्हणतायत. हा शब्द कधीचा? आणि असं आपल्याकडे आधी कधी झालं होतं का? – एक वाचक, लालबाग

उत्तर : शब्द अगदी अलीकडचा आहे, २००६ चा. त्या वर्षी जूनमध्ये वायर्ड या अमेरिकन मासिकात जेफ हाऊ यांनी क्राउडसोर्सिंगवर लेख लिहिला, आउटसोर्सिंगमध्ये काम बाहेरच्या कंपनीला देतात तसं इथे ते इंटरनेटवरच्या गर्दीलाच देऊन टाकायचं. मग ऑगस्टमध्ये मायकल सलिव्हन यांनी त्याच धर्तीवर क्राउडफंडिंग शब्द वापरला, ते तेव्हा व्हिडिओ ब्लॉग करणाऱ्यांना लोकांकडून पैसे मिळावेत म्हणून फंडाव्लॉग नावाचा प्रोजेक्ट करत होते. तो काही चालला नाही, पण २००९ ला किकस्टार्टर ही लोकांकडून प्रोजेक्टसाठी पैसे जमवायची वेबसाइट आली आणि शब्द घरोघरी पोचला.

पद्धत मात्र शब्दाच्या कितीतरी आधीची. १९९७ मध्ये मारिलियन या ब्रिटिश बँडच्या अमेरिका दौऱ्यासाठी चाहत्यांनीच इंटरनेटवरून ६०,००० डॉलर जमवले. त्याच्याही आधी, १८८५ मध्ये, न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या चौथऱ्याला पैसे कमी पडले तेव्हा जोसेफ पुलित्झरनी आपल्या पेपरातून आवाहन केलं आणि देणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापलं, मग रक्कम कितीही छोटी असो. लाखाच्या वर लोकांनी लाखाच्या वर डॉलर दिले, बहुतेकांनी एका डॉलरपेक्षाही कमी!

आणि आपल्याकडचं म्हणाल तर मला सगळ्यात भारी वाटतो तो पैसा फंड. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून स्वदेशी उद्योगासाठी भांडवल उभं करायचं ठरवलं, लोकमान्यांनी त्यांना पाठिंबा दिला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला चक्क काचेचा कारखाना निघाला. पुण्याच्या गाडीत लोणावळा गेलं की पुढे लागतं ना, तेच तळेगाव. वर्गणीतून मंडळाचा गणपती बसवणं आपल्याला माहीतच आहे, पण एकेका पैशावर कारखाना काढायचा म्हणजे केवढी मोठी गोष्ट आहे, हे शाळेत शिकवायला हवं खरंतर.

तुमच्या त्या लिंकवर हॉस्पिटलचं नाव आणि खर्चाचं एस्टिमेट आहे का बघा, हॉस्पिटलला एक फोन करून खात्री करा आणि जमेल तेवढे पैसे नक्की टाका.