व्यावसायिक फुटबॉलपटू वारंवार जखमी का होतात?

पहिलं कारण सामन्यांची गर्दी. २०२०-२१ मध्ये स्पेनच्या बार्सिलोना क्लबचा पेद्री क्लब आणि देश मिळून, म्हणजे युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) आणि ऑलिंपिकही धरून, ७० हून जास्त सामने खेळला, तेही जेमतेम अठराव्या वर्षी. पुढचा हंगाम मांडीच्या दुखापतींनी खाल्ला. २०२४ पासून युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात सहाचे आठ सामने झाले, आणि २०२५ चा ३२ संघांचा क्लब वर्ल्ड कप ऐन सुट्टीत आला. शरीराने भरून यायचं कधी?

सगळ्यात जास्त दुखावतो तो मांडीचा मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग. सुसाट धावताना पाय पुढे जातो तेव्हा हा स्नायू ताणला जात असतानाच पायाला आवर घालत असतो, आणि तिथेच तो फाटतो. थकलेला असेल तर लवकर. गुडघ्याचं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, तर पुष्कळदा कुणाचा धक्का न लागताही तुटतं: बूट जमिनीत रुतलेला आणि अंग वळलेलं.

पण मला खरा घात वाटतो तो अर्धवट बरं होऊन परतण्याचा. आधीची दुखापत हीच पुढच्या दुखापतीची मोठी खूण असते.

मी भुसावळला पोरांना फुटबॉल शिकवतो. एप्रिल-मेमध्ये खान्देशातली काळी माती भेगाळून दगड होते, त्यात पोरं लंगडत दोन दिवसांत परत येतात. भाऊ, तुमचा मुलगा खेळत असेल तर नॉर्डिक हॅमस्ट्रिंग व्यायाम (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कुणी धरलेले असताना, अंग हळूहळू पुढे झुकवायचं) आठवड्यातून दोनदा करून घ्या आणि दुखणं पूर्ण थांबेपर्यंत त्याला पळू देऊ नका.