जेलचं जेवण इतकं वाईट, तरी माझ्या भावाचं वजन कसं वाढलं?

तुम्ही लिहिलंय की भाऊ वर्षभर कच्चा कैदी आहे, मुलाखतीला पाहिलं तर ओळखू येईना इतका सुटलाय आणि नातेवाईक म्हणतात, "मजेत दिसतोय." मी विधी सेवेच्या कामासाठी जेलमध्ये जाते. हे बोलणं कैद्यांच्या आया-बायकांना फार ऐकावं लागतं. ते मनावर घेऊ नका, ती मजा नव्हे.

सक्तमजुरीचा कैदी कारखान्यात किंवा शेतीवर जातो. खटला चालू असलेला नुसता बसून राहतो. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण असेच कच्चे होते आणि तुरुंग क्षमतेच्या १३१ टक्के भरलेले. जिथे कूस बदलायला जागा नाही, तिथे माणूस चालणार कुठे? रात्रीचं जेवण बॅरेकला कुलूप लावण्याआधी, संध्याकाळीच वाटतात. भूक लागते तेव्हा डाळ गार आणि पांचट झालेली असते. मग कॅन्टीनचं फरसाण तिच्यात चुरायचं, ती भातावर घ्यायची, वर बिस्किटं. ज्याला घरून मनीऑर्डर येते तो असा फुगतो. ज्याचं कोणी नाही, तो त्याच बॅरेकमध्ये वाळतो.

१८९४ च्या कारागृह कायद्यात मजुरी करणाऱ्या कैद्याचं वजन निदान पंधरवड्यातून एकदा त्याच्या हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे त्याच्या नोंदींच्या कागदावर, नोंदवायचं कलम आहे. कामाने तो खंगत तर नाही ना, हे कळावं म्हणून. बसून राहणाऱ्याचं वजन त्या कलमात येतच नाही. मला हे फार खुपतं.

आता भावाचं. पुढच्या मुलाखतीत विचारा, झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत का? ओलान्झापिनसारख्या गोळीने वजन झपाट्याने वाढतं. पण त्याने ती मनाने बंद करू नये, जेलच्या डॉक्टरांशी बोलावं. पाय आणि चेहरा सुजलेला असेल तर ती चरबी नसेलही. मूत्रपिंड, हृदय तपासायला हवं. वकिलांना सांगून वजन, बीपी, साखर तपासून अहवाल मागवण्याचा अर्ज कोर्टात द्या. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं तर घरच्या डब्याची परवानगीही त्याच अर्जात मागता येते. बॅरेक उघडी असते तेवढा वेळ तरी त्याने चालावं, आणि कॅन्टीनमध्ये मिळत असतील तर फरसाणाऐवजी अंडी, केळी घ्यावीत. मनीऑर्डर मात्र थांबवू नका.