मातीचा ट्रॅक: बघायला कुठला, पळवायला कुठला? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या वेळी सहज लिहून गेलो की मातीच्या ओव्हलवरची, म्हणजे लंबगोल ट्रॅकवरची, रेस आयुष्यात एकदा तरी बघावी, तर मेसेजचा ढीगच लागला. बहुतेकांचं एकच, "कुठला ट्रॅक एक नंबर ते सांगा". आता एक नंबर कुणासाठी, कठड्यावर बसणाऱ्यासाठी की आत गाडी घालणाऱ्यासाठी, ते आधी ठरवा, कारण दोघांचं जमेलच असं नाही, आणि मातीचं तर असं की तोच ट्रॅक संध्याकाळी सहाला वेगळा असतो आणि रात्री दहाला वेगळा. निवडक प्रश्न घेतोय.

कागलहून एक काका विचारतात: मुलगा अमेरिकेत ओहायोत डेटनला असतो, यंदा उन्हाळ्यात आम्ही दोघं जाणार आहे. तो म्हणतो एल्डोरा दाखवतो, त्याचा मित्र म्हणतो नॉक्सव्हिलशिवाय मजा नाही. आमचं काय सारखं जाणं होणार नाही, कुठं जाऊ?

काका, डेटनला उतरणार असाल तर एल्डोरा तिथून गाडीनं साधारण तासभर, आणि नॉक्सव्हिल आहे आयोवात, म्हणजे मधे इंडियाना आणि इलिनॉय अशी दोन अख्खी राज्यं पडतात. काकूंच्या गुडघ्यांचा विचार करा आधी.

पण निव्वळ रेसचं बोलायचं तर दोन्ही ट्रॅक अर्ध्या मैलाचे, म्हणजे आठशे मीटरचे, आणि तरी दोन्हींचा स्वभाव पार वेगळा. एल्डोरा रॉसबर्ग नावाच्या एवढ्याशा गावाजवळ, शेतांच्या मधोमध आहे. अर्ल बाल्टेस नावाच्या माणसानं तो 1954 साली काढला आणि 2004 मध्ये टोनी स्टुअर्टनं, हो तोच, नॅस्कार या अमेरिकन कार रेसिंगचा चॅम्पियन, विकत घेतला. टर्नला बँकिंग, म्हणजे बाहेरच्या कडेकडं चढ, भरपूर आहे, त्यामुळं माती उडून उडून वरच्या कडेला साचते आणि शेवटी शेवटी भिंतीला चिकटूनच फास्ट लाईन पडते. ड्रायव्हर मागचं उजवं चाक त्या मातीच्या गादीवर टेकवून पूर्ण ॲक्सिलरेटर देतात, भिंत तिथून वीतभर. बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो, आणि चालवणाऱ्याचं विचाराल तर एक चूक आणि गाडीची उजवी बाजू गेलीच समजा. म्हणून म्हणतो, एल्डोरा हा प्रेक्षकाचा ट्रॅक, ड्रायव्हर तिथं जातात ते नावासाठी आणि बक्षिसासाठी.

नॉक्सव्हिलची माती काळी, चिकट, आपल्या नदीकाठच्या रानासारखी दिसते, बँकिंग त्यामानानं कमी. सरळ पट्ट्यात स्पीड पकडून टर्नमध्ये गाडी आडवी टाकायची आणि ती वेगात कशी ठेवायची, हे जिथं खरंखुरं कळतं तो हा ट्रॅक, त्यामुळं ड्रायव्हर लोक यालाच मानतात. ऑगस्टमध्ये चार दिवस नॉक्सव्हिल नॅशनल्स असतं, 1961 पासून चालू आहे, स्प्रिंट कारवाल्यांची ती पंढरी. ट्रॅकला लागूनच स्प्रिंट कारचं म्युझियम पण आहे, जुन्या गाड्या जवळनं बघायला मिळतात. एल्डोरात जुलैत किंग्ज रॉयल आणि सप्टेंबरात वर्ल्ड 100, पहिली स्प्रिंट कारची, दुसरी लेट मॉडेलची, म्हणजे बंद बॉडीच्या रेस कारची.

स्प्रिंट कार म्हणजे काय ते पण सांगतो, नाहीतर तिथं जाऊन गोंधळ होईल. साधारण 6.7 लिटरचं इंजिन, 900 च्या आसपास हॉर्सपॉवर, आणि ड्रायव्हर धरून वजन 635 किलोच्या घरात. आपल्या साध्या अल्टोपेक्षा हलक्या गाडीत एवढी ताकद, विचार करा. गाडीला स्टार्टर नाही, क्लच नाही, मागनं ट्रकनं ढकलून चालू करतात, आणि डोक्यावर भलंमोठं पंख असतं ते गाडीला मातीत दाबून धरतं.

माझं मत विचाराल तर जुलैत असाल तर किंग्ज रॉयल बघून या. नॉक्सव्हिल पोराला त्याच्या मित्राबरोबर जाऊ दे.

जयसिंगपूरहून एक वाचक: ब्रिस्टलची मातीवरची रेस यूट्यूबवर बघितली, निम्मा वेळ नुसता धुरळाच. याला भारी म्हणायचं का?

नाही म्हणायचं. अमेरिकेतला ब्रिस्टलचा हा नॅस्कारचा ट्रॅक मुळात काँक्रीटचा, त्यावर माती आणून पसरली होती, 2021 ते 2023 अशी तीन वर्षं. पहिल्या वर्षी आधी पाऊस, रेस रविवारची सोमवारवर गेली, मग सोमवारी दुपारचं ऊन, माती वरनं सुकली आणि समोरची गाडी दिसेना, शेवटी रीस्टार्टला, म्हणजे थांबलेली रेस परत सुरू करताना, दोन रांगांऐवजी एकच रांग लावायला लागली. पुढच्या वर्षापासून रेस रात्री ठेवली, ते शहाणपणाचं झालं, कारण मातीची रेस रात्रीचीच. ऊन उतरलं की ओल टिकते. 2024 पासून तो प्रकारच बंद झाला.

तात्पुरत्या मातीचं हे दुखणं सगळीकडं आहे. 2015 ला पोलंडमध्ये वॉर्सोच्या नॅशनल स्टेडियमात बाईकच्या स्पीडवेची, म्हणजे मातीच्या ओव्हलवरच्या रेसची, ग्रां प्री होती, स्टेडियम खचाखच, आणि ट्रॅक व स्टार्टिंग गेट अशी दोन्हीकडनं बोंब झाल्यामुळं बारा हीट, म्हणजे छोट्या शर्यती, झाल्यावर रेस गुंडाळायला लागली. माती मुरायला वेळ लागतो, चार दिवसांत आणून टाकलेली माती म्हणजे डोक्याला ताप.

राजारामपुरीतून: चिली बोल बंदिस्त हॉलमध्ये होते हे खरं का?

खरंय भावा. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात, जानेवारीत, प्रदर्शनाच्या हॉलमध्ये माती भरून पाव मैलाचा ट्रॅक करतात, 1987 पासून. मिजेट नावाच्या छोट्या गाड्या, आणि एंट्री तीनशेच्या वर जातात. आता मघाशी मी तात्पुरत्या मातीला नावं ठेवली आणि हे कसं चालतं म्हणाल, तर वर छप्पर आहे, ऊन नाही, वारा नाही, पाऊस नाही, ओल किती ठेवायची ते त्यांच्या हातात. प्रेक्षक म्हणून आठवडाभर नुसती मेजवानी. ड्रायव्हर म्हणून मात्र अवघड, एवढ्या गर्दीत एखादी हीट वाईट गेली की मागनं वर चढत यायला जीव जातो.

इचलकरंजीचा एक पोरगा, वय 19: मला मातीवर रेस करायची आहे. बाईक आहे. आपल्याकडं सुरुवात कुठं करू? गो-कार्टिंगचा फायदा होईल का?

अमेरिकेसारखे दर शनिवारी चालणारे मातीचे ओव्हल आपल्याकडं नाहीत, हे आधी डोक्यात पक्कं कर. आपल्याकडं मातीवर जे होतं ते म्हणजे ऑटोक्रॉस, म्हणजे कार एकेकटी घड्याळाशी पळते, रॅली स्प्रिंट, म्हणजे रॅलीचा छोटा प्रकार, मोटोक्रॉस, म्हणजे रानातल्या उड्यांच्या ट्रॅकवर बाईकची रेस, आणि सुपरक्रॉस, म्हणजे तेच स्टेडियममध्ये. तुझ्याकडं बाईक आहे म्हणजे मोटोक्रॉस किंवा रॅली स्प्रिंट. एफएमएससीआयचं, म्हणजे आपल्या देशातल्या मोटरस्पोर्ट फेडरेशनचं, लायसन्स काढ, त्याशिवाय अधिकृत रेसला उभं करत नाहीत, आणि बिगर-अधिकृत रेसला तू उभारू नकोस, तिथं पडलास तर विचारणारं कोणी नसतं.

शिकायला जायचं तर कर्नाटकात कोलारजवळ बिग रॉक डर्टपार्क आहे, सी. एस. संतोषनं काढलेलं, 2015 ला डकार ही लांब पल्ल्याची खडतर रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय तोच. तिथं रॉयल एन्फिल्डच्या स्लाइड स्कूलचं ट्रेनिंग पण झालंय, हिमालयनवर बेतलेली फ्लॅट ट्रॅक, म्हणजे मातीच्या सपाट ओव्हलवरची, बाईक देऊन मातीत मागचं चाक कसं सोडायचं ते शिकवतात. तू ओव्हलचं स्वप्न बघतोयस ना, मग त्याच्या सगळ्यात जवळचं हेच. ब्रेकवर विश्वास ठेवायची सवय आधी सोडायला लागते, डावा पाय खाली टाकून बाईक आडवी करायची आणि ॲक्सिलरेटरनं वळवायची, पहिल्या दिवशी मांडीची वाट लागते.

कार्टिंगचं म्हणशील तर कोल्हापुरात मोहित्यांचा ट्रॅक आहे, नॅशनल कार्टिंगच्या फेऱ्या तिथं झालेत. तो डांबरी आहे, ग्रिप पक्की. लाईन, ब्रेकिंग पॉइंट, समोरच्याला कुठं गाठायचं, हे तिथं झकास शिकशील. पण डांबरावर गाडी घसरली की टायमिंग गेलं, आणि मातीवर गाडी घसरवूनच टायमिंग येतं, त्यामुळं तिकडच्या सवयी थोड्या इकडं विसरायला लागतील. पैसे दोन्हीला पुरत नसतील तर आधी सामान घे: चांगलं हेल्मेट, नी गार्ड, चेस्ट गार्ड, मोटोक्रॉसचे बूट. स्पोर्ट शूज घालून मातीत उतरलेला दिसलास तर मी ओळख दाखवणार नाही.

सांगलीहून एक ताई: दोन लहान मुलं आहेत, मोठा बाईकवेडा. लांब परदेशी वगैरे जमणार नाही. बघायला कुठं नेऊ, आणि कुठं बसू?

ताई, पुण्याचं कॅलेंडर बघत राहा. 28 जानेवारी 2024 ला बालेवाडीच्या स्टेडियममध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, आणि लहान पोरांना घेऊन जायला स्टेडियमसारखं दुसरं काही नाही. सगळा ट्रॅक एका जागेवरनं दिसतो, बाथरूम असतात, कठडा असतो. रानातल्या मोटोक्रॉसला गेलात तर एक उडी दिसते आणि बाकी नुसता आवाज, पोरं वैतागतात.

बसायचं वर. पहिल्या चार-पाच रांगा फोटोत भारी दिसतात पण मातीची ढेकळं तिथंच येऊन पडतात. वारा तुमच्या पाठीकडनं ट्रॅककडं जाईल अशी बाजू धरा, धुरळा समोरच्यांना. स्टार्टच्या सरळ पट्ट्यापेक्षा टर्नमधनं बाहेर पडायची जागा बघा, ओव्हरटेक तिथं होतात. आणि मुलांच्या कानाला इअरमफ घ्या, कापूस नको, कापसानं काही होत नाही. गॉगल पण असू दे, रात्री पारदर्शक काचेचा.

शिरोलीचे दोघं मित्र: आमचं तीन एकर रान पडून आहे, काळी माती. सपाट करून ओव्हल काढला तर? गावात बैलगाडी शर्यतीचं मैदान पण आहे, तिथं जमेल का?

हा प्रश्न मला लई आवडला. बैलगाडीच्या मैदानाचं आधी सांगतो, नको. ते पळायला सरळ असतं, वळायला जागा नसते, आणि आपल्याकडं पब्लिक पार दोरीवर येऊन उभारतं. अख्खी कार आडवी येते तेव्हा दोरी काय करणार?

रानाचं बघू. नुसती काळी माती ओली झाली की चाकाला थापून बसते आणि सुकली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खाली मुरमाचा थर द्या म्हणजे पाणी निघून जाईल, त्यावर पन्हाळ्याच्या बाजूची तांबडी आणि तुमची काळी मिसळून रोलर मारा. मिश्रणाचं प्रमाण कागदावर निघत नाही, करून बघायला लागतं. तालमीतल्या हौद्याची माती आठवा, ताक, तेल, हळद, लिंबू घालून रोज उकरतात, ओल धरलेली असते आणि पैलवान पडला तरी लागत नाही. ट्रॅकची माती पण अशीच रोज कुणीतरी सांभाळायला लागते, इथं ताकाऐवजी टँकर आणि खोऱ्याऐवजी ट्रॅक्टर.

पाणी रेसच्या आदल्या रात्री मारा, भरपूर, खोल मुरेल असं. दुपारी वरनं शिंपडलं तर वर चिखल आणि खाली धूळ, पहिल्या दहा मिनिटांत सगळं उघडं पडतं. सकाळी वीतभर खालची मूठभर माती घ्या आणि दाबा. गोळा झाला आणि अंगठ्यानं टोचल्यावर दोन तुकडे झाले तर ट्रॅक तयार. बोटाला चिकटली तर अजून उन्हाला सोडा, हातातच भुगा झाला तर टँकर बोलवा. मग ट्रॅकवर चालत जाऊन टाच रोवा, ठसा उठला पाहिजे पण बुटाला माती लागता कामा नये. अमेरिकेत पण मोठमोठे ड्रायव्हर रेसच्या आधी असेच टाचेनं माती चाचपत फिरताना दिसतात.

आणि ट्रॅक रुंद ठेवा. आतली लाईन गुळगुळीत होऊन चमकायला लागली की ड्रायव्हर बाहेरच्या सैल मातीकडं सरकतात, दोन लाईनी पडतात, तेव्हाच रेस होते. अरुंद केलात तर एकामागं एक वरात.

जून ते सप्टेंबर विसरायचं, आणि तुमचं रान पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात असेल तर एक पूर आला की सगळा मुरूम वाहून जाईल, ते 2019 ची पाण्याची खूण बघून ठरवा. सुरुवातीला रेस नकोच, फक्त एकेक गाडी घड्याळावर सोडा, पब्लिक एकाच बाजूला, मातीच्या बांधाच्या मागं आणि उंचावर. तरी फेडरेशनची मान्यता, पोलिसांची परवानगी आणि जागेवर ॲम्ब्युलन्स या तीन गोष्टी झाल्याशिवाय एक पण गाडी आत सोडू नका. माती मिसळायला घेतलीत की कळवा, मी येतो बघायला, टाचेचे बूट घालून.