लायब्ररीच्या मॅडमला विचारा: पीडीएफ कुठवर चालते?

परीक्षा जवळ आल्या की पत्रं वाढतात, आणि या वेळी बहुतेकांनी एकच विषय धरलाय: लायब्ररीनं ऑनलाइन ठेवलेलं साहित्य आणि कॉपीराइट. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न: मॅडम, मी एमए सोशिऑलॉजीच्या दुसऱ्या सेमले आहो. चांदूर रेल्वेकडच्या एका खेड्यावरून रोज युनिव्हर्सिटीत येनं-जानं करतो. आमच्या लायब्ररीनं कोर्स रिझर्व्हची लिंक देल्ली, पण थे लायब्ररीत बसलं तरच उघडते, घरून काही केल्या उघडत नाही. अन् पुस्तक पूर्ण नसते, एकच चॅप्टर असते. मागच्या सेमचं तर सारं गायबच झालं. काऊन असं करतात?

उत्तर: अगं, तुला अडवायला कोणी करत नाही हे. आधी कोर्स रिझर्व्ह कुठून आलं ते सांगते. मी तालुक्याच्या कॉलेजात लायब्ररी सांभाळायचे तेव्हा संदर्भ पुस्तकाची एकच कॉपी आणि वर्गात सत्तर पोरं, मग ते पुस्तक वेगळ्या कपाटात ठेवायचं, दोन-दोन तास बसून वाचायला द्यायचं, रजिस्टरला सही. पण खेड्यावरच्या पोरींना पाचची एसटी गाठावी लागायची, त्यांचा नंबर यायच्या आत गाडी निघायची. किती जणींनी ते पुस्तक हातात न घेताच पेपर दिला ते मी पाहिलंय, म्हणून हे कपाट ऑनलाइन आलं याचं मला फार अप्रूप आहे.

आता घरून का उघडत नाही? त्या लिंकमागे दोन जातीचं साहित्य असतं. एक म्हणजे लायब्ररीनं वर्गणी भरून घेतलेली जर्नल्स, ई-बुक्स. तिथं प्रकाशकाशी करार असतो आणि प्रकाशकाचं कॉम्प्युटर तुम्हाला ओळखतं ते कॅम्पसच्या इंटरनेटच्या पत्त्यावरून, म्हणजे आयपीवरून. तुझ्या घरच्या मोबाइलचा पत्ता वेगळा, म्हणून दार बंद. यावर उपाय आहे, रिमोट ॲक्सेस, म्हणजे कॅम्पसबाहेरून लॉगिन करून उघडायची सोय. काउंटरवर आयकार्ड घेऊन जा आणि स्पष्ट म्हण की माझा रिमोट ॲक्सेसचा लॉगिन काढून द्या. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची, म्हणजे यूजीसीच्या लायब्ररी नेटवर्क संस्थेची, इन्फेड नावाची सोय त्यासाठीच आहे, बऱ्याच युनिव्हर्सिट्या ती वापरतात, पण पोरं विचारत नाहीत म्हणून लॉगिन तसेच पडून राहतात. १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, ३० प्रकाशकांची १३ हजारांच्या आसपास जर्नल्स सरकारी संस्थांना त्यातून मिळतात, तेही विचारून घे. तुझ्या मैत्रिणी संस्थेच्या अनुदानित कॉलेजात असतील तर त्यांनी एन-लिस्टचा, म्हणजे इन्फ्लिबनेटच्याच कॉलेजांसाठीच्या ई-पुस्तकं-जर्नल्सच्या सोयीचा, लॉगिन मागावा.

दुसरी जात म्हणजे छापील पुस्तकातून सरांनी स्कॅन करून ठेवलेला चॅप्टर. इथं करार नाही, इथं १९५७ चा कॉपीराइट कायदा. शिकवण्यासाठी लागेल तेवढं घ्यायला तो कायदा परवानगी देतो, आणि तुमच्या पेपरला लागतो तो एक चॅप्टर, म्हणून तेवढाच ठेवलेला असतो. सेम संपलं की काढतात कारण तो त्या कोर्सपुरता ठेवलेला असतो. पण तू स्वतःच्या अभ्यासासाठी त्याची एक प्रत काढून ठेवलीस तर कलम ५२ मध्ये खासगी वापर आणि संशोधन याला मुभा आहे, तेव्हा लायब्ररीच्या वायफायवर असतानाच उतरवून घे, घरी रेंजची वाट पाहू नको. आणि लेखकाचं नाव, पुस्तक, प्रकाशक, साल, पान नंबर वहीत लिहीत जा, डिझर्टेशनच्या वेळी तेच शोधत बसावं लागतं. फक्त एक कर, करारातल्या जर्नलचे अंकच्या अंक एका बैठकीत उतरवू नको, तसं झालं की प्रकाशक सगळ्या कॅम्पसचं कनेक्शन थांबवतो आणि त्याचा त्रास सगळ्यांना होतो.

प्रश्न: नमस्कार. मी मेहकर तालुक्यातल्या कॉलेजात शिकवतो. मुलांची परिस्थिती पाहून २४० पानांचं अख्खं मराठी क्रमिक पुस्तक मोबाइलवर स्कॅन केलं आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. आता एक सहकारी म्हणतात जेल होईल. दिल्लीच्या केसमध्ये तर सगळं मोफत झालं असं ऐकलं होतं, खरं काय?

उत्तर: सर, तुमची कळकळ समजते, पण दिल्लीच्या केसचं जे पसरलंय ते अर्धवट आहे. झालं असं, दिल्ली युनिव्हर्सिटीच्या आवारातलं रामेश्वरी फोटोकॉपी हे दुकान वेगवेगळ्या पुस्तकांतले नेमलेले भाग एकत्र बांधून कोर्सपॅक विकायचं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी २०१२ मध्ये दुकानावर आणि युनिव्हर्सिटीवर दावा लावला. सप्टेंबर २०१६ मध्ये हायकोर्टात प्रकाशक हरले, डिसेंबर २०१६ मध्ये दोन न्यायाधीशांच्या बेंचनंही मूळ मुद्दा कायम ठेवला, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. कोर्टाचं म्हणणं असं की कलम ५२(१)(आय) प्रमाणे शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला शिकवण्याच्या ओघात नक्कल करता येते, शिकवणं म्हणजे फक्त वर्गातला तास नाही, आणि किती टक्के पानं याची मर्यादा कायद्यात लिहिलेली नाही. कसोटी एकच: शिकवण्याच्या हेतूसाठी एवढं लागतं का?

आता तुमची गोष्ट या कसोटीला लावा. कोर्टापुढे होते ते नेमलेल्या उताऱ्यांचे छापील गठ्ठे. तुम्ही टाकलं ते बाजारात मिळणारं अख्खं पुस्तक, आणि तेही व्हॉट्सॲपवर. साठ पोरांचा ग्रुप साठांचा राहत नाही हो, संध्याकाळपर्यंत ती फाइल अकोला, वाशीम, पार कुठंही जाते आणि मग ते तुमच्या वर्गाचं शिकवणं उरत नाही. त्यातून मराठी क्रमिक पुस्तकाचा प्रकाशक म्हणजे बहुतेक वेळा एक छोटं दुकान, हजार-पाचशेची आवृत्ती, ती पडून राहिली की पुढच्या वेळी तो मराठीत पुस्तक काढेल कशाला, आणि मग आपलीच पोरं इंग्रजी गाइडवर येतील, मला याचीच खरी काळजी वाटते. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड लिहिलाय, नफ्यासाठी केलं नसेल तर कोर्ट कमी करू शकतं, पण तुम्ही तिथवर जाऊच नका. फाइल ग्रुपवरून डिलीट करा, पोरांना पुढे पाठवू नका म्हणून सांगा. त्या महिन्यात शिकवायचे तेवढे एक-दोन चॅप्टर कॉलेजच्या गुगल क्लासरूममध्ये किंवा मूडलवर टाका, जिथं तुमच्याच वर्गाला लॉगिन आहे, वर पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव ठळक लिहा, सेम संपलं की काढा. आणि ग्रंथपालांना त्याच पुस्तकाच्या पाच-सहा प्रती घ्यायची मागणी लेखी द्या, तोंडी सांगितलेलं बजेटमध्ये येत नाही.

प्रश्न: तिवसा तालुक्यातलं आमचं गावचं सार्वजनिक वाचनालय आहे. जुन्या पुस्तकांना वाळवी लागली. स्कॅन करून वेबसाइटवर ठेवावं म्हणतो, ग्रामगीतेपासून सुरुवात करायची इच्छा आहे. चालेल का?

उत्तर: स्कॅन करा, उशीर करू नका, वाळवी थांबत नाही. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते, अट एवढीच की छापील प्रत तुमच्याकडे असली पाहिजे. पण जतन वेगळं आणि वेबसाइटवर सगळ्यांना देणं वेगळं. त्यासाठी कॉपीराइटची मुदत पाहावी लागते. लेखक गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची. तुकडोजी महाराज ऑक्टोबर १९६८ ला गेले, म्हणजे त्यांच्या लिखाणाची मुदत २०२८ च्या डिसेंबरअखेर संपते. तोवर ग्रामगीतेचं स्कॅन वाचनालयात जतन करून ठेवा, वेबसाइटवर टाकायचंच असेल तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी घ्या. बाबासाहेब डिसेंबर १९५६ ला गेले, त्यांच्या हयातीत छापलेलं मूळ लेखन १ जानेवारी २०१७ पासून मोकळं आहे, मात्र त्याचा मराठी अनुवाद कुणी नंतर केला असेल तर त्या अनुवादकाचा हक्क वेगळा चालतो, नव्या संपादकाच्या प्रस्तावनेचाही. इथं बरीच वाचनालयं चुकतात. एखादं पुस्तक भारतात विकतच मिळत नसेल तर वाचनालयाच्या वापरासाठी तीन प्रतींपर्यंत काढता येतात, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न: माझ्या लहान भावाला दिसत नाही, बीएला आहे. मी त्याला पुस्तक वाचून रेकॉर्ड करून देतो. हे पण बेकायदा का?

उत्तर: अजिबात नाही रे बाळा, बिनधास्त कर. अपंग व्यक्तीला वापरता येईल अशा रूपात पुस्तक करून द्यायला कलम ५२(१)(झेडबी) मध्ये कुणालाही परवानगी आहे, अख्खं पुस्तक असलं तरी, फक्त त्यातून पैसे कमवायचे नाहीत. तुझं रेकॉर्डिंग त्याच्यासारख्या दुसऱ्या मुलालाही देता येतं. शिवाय सुगम्य पुस्तकालय नावाची ऑनलाइन लायब्ररी आहे, तिथं त्याचं नाव नोंदव, अपंगत्वाचं प्रमाणपत्र जवळ ठेव. त्याचे विषय कोणते ते तू लिहिलं नाहीस. पुढच्या पत्रात विषय आणि पुस्तकांची यादी पाठव, त्यातली कोणती तिथं आधीच तयार आहेत ते पाहून कळवते, म्हणजे तुझं तेवढं वाचायचं वाचेल.