घोडा घेण्यापूर्वी त्याच्या देखभालीचा प्रत्यक्ष अनुभव नागपुरात कसा मिळवावा?

एखाद्या रायडिंग क्लबच्या तबेल्यात अनुभवी मोतद्दाराच्या (घोड्याची निगा राखणाऱ्याच्या) हाताखाली निदान वर्षभर, म्हणजे ४५ अंशांचा मे आणि चिखलाचा पावसाळा दोन्ही अनुभवता येतील असे, पहाटेचे काम मागून घ्यावे. मी स्वतः असेच शिकलो. स्वारीच्या वर्गात घोडा खोगीर चढवूनच समोर येतो. खरारा करताना, म्हणजे अंग घासून साफ करताना, घोड्याच्या अंगावर हाताला जाणवणारी सूज, खूर साफ करताना येणारा कुजका वास, किंवा चंदी (दाण्याचा खुराक) तशीच टाकून वारंवार कुशीकडे वळून पाहणारा घोडा (ही पोटशूळाची खूण असते, आणि घोड्याला ओकता येत नसल्याने ती कधीही हलक्यात घेऊ नये) हे तबेल्यातच कळते. मात्र तिथे नालबंद (खुरांना नाल ठोकणारा) आणि पशुवैद्य हाकेच्या अंतरावर असतात, तेव्हा घरच्या घोड्यासाठी त्यांची सोय आधीच करावी.