जर्मनीतल्या श्वानगाऊला पहिल्यांदा जाताय?

म्युनिकहून फ्युसेनपर्यंत रेल्वेने साधारण दोन तास, पुढे बस. तिथल्या नॉयश्वानस्टाइन राजवाड्याचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. त्यावरची वेळ राजवाड्याच्या दारातली असते, खालच्या तिकीटघरातली नव्हे. बहुतेक जण इथेच फसतात. चढ दीड किलोमीटरचा, ४० मिनिटं धरा. उशीर झाला की तुमची फेरी गेली. मोठी बॅग आत नेता येत नाही, फोटोही काढता येत नाहीत, आणि आतला फेरफटका जेमतेम अर्ध्या तासाचा. (राजवाडा दिसतो किल्ल्यासारखा, पण काम सुरू झालं १८६९ मध्ये, लढाईशी संबंध शून्य.)

राजवाड्याचा हवा तो फोटो मिळतो मारियनब्रुके पुलावरून. खाली सुमारे ९० मीटरवर प्योलाट ओढा. बर्फ पडला की पूल बंद, वर जाणारी बसही बंद. म्हणून हिवाळ्यात निघण्याआधी चौकशी करा.

उरलेला दिवस दुकानांत घालवू नका. आल्पझे तळ्याला पायी वळसा घाला, दोनेक तास पुरतात. शेतांच्या मधोमध उभं असलेलं सेंट कोलोमान चर्च बघाच. टेगलबर्ग डोंगराच्या केबल कारचं खालचं स्टेशन बांधताना रोमन काळातल्या घराचे अवशेष सापडले. ते तिथेच जपलेत आणि गर्दी जवळपास नसते. वारा जोराचा असेल तर केबल कार थांबते.